समुद्राकाठचे गोडे पाणी

गिरगाव चौपाटीच्या वाळूवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, म्हणजे समुद्रात शिरलेली एक हिरवी टेकडी नजरेस पडते. हीच मलबार टेकडी होय. तिची उंची सुमारे ५० मीटर आहे. तिच्या माथ्यावर आज उंच उंच इमारती उभ्या आहेत, तरी पूर्वेकडच्या उतारावर अद्याप दाट झाडी टिकून आहे. दक्षिणेचे टोक तर तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले आहे. भरतीच्या लाटा तेथील काळ्या खडकांवर आदळून फुटतात व त्यांचे खारे तुषार दूरवर उडतात. असे असूनही, या खाऱ्या लाटांपासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचा एक झरा शेकडो वर्षे वाहत आहे. त्या झऱ्याचे नाव बाणगंगा.

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील कुटुंबांना एका दिवसाच्या सहलीसाठी याहून सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. सकाळी घरून डबा घेऊन निघावे, टेकडी चढावी, झाडीतून फिरावे, दुपारी उद्यानाच्या सावलीत जेवावे आणि उन्हे कलल्यावर बाणगंगेच्या पायऱ्यांवर येऊन बसावे. डोंगर, वन, झरा आणि सागर ही चारही एका दिवसात आणि एका चालीत पाहावयास मिळतात. मात्र डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यास वाटेत एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. समुद्राच्या इतक्या जवळ हे पाणी गोडे कसे राहिले? या प्रश्नाचे उत्तर झऱ्यापाशी सापडत नाही. त्याचा आरंभ टेकडीच्या माथ्यावरील झाडीत होतो.

चौपाटीवरून टेकडीवर जाणाऱ्या एका जुन्या चढणीस सिरी मार्ग असे म्हणतात. सिरी म्हणजे शिडी, असे जाणकार सांगतात. मोटारी व बसगाड्या नव्हत्या, त्या काळी वाळकेश्वराच्या दर्शनास निघालेले यात्रेकरू ही उभी वाट चढून जात. आज बेस्टची बस थेट माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे आजी-आजोबांनाही सहलीस येण्यास अडचण पडत नाही.

याच उतारावरील झाडीत बृहन्मुंबई महानगरपालिकेने एक निसर्ग उन्नत मार्ग उभारला आहे. इ.स. २०२५ मध्ये गुढीपाडव्याच्या दिवशी, म्हणजे ३० मार्च रोजी, तो लोकांसाठी खुला झाला. हा मार्ग ४८५ मीटर लांब व २.४ मीटर रुंद असून तो जमिनीवरून जात नाही. खांबांवर उभारलेल्या लाकडी फळ्यांवरून, झाडांच्या खोडांमधून व फांद्यांच्या बरोबरीने तो वळणे घेत जातो. सिंगापूर येथे वृक्षांच्या शेंड्यांजवळून जाणारे असे मार्ग आहेत. त्यांवरून ही कल्पना सुचली. एका ठिकाणी पायांखाली जाड काच बसविलेला सज्जा आहे. तेथून खाली झाडांचे शेंडे आणि समोर गिरगावचा समुद्र दिसतो. गर्दी होऊ नये म्हणून एका वेळी ठरावीक माणसांनाच आत सोडतात.

या मार्गावर घाईने चालणाऱ्यास केवळ झाडे दिसतील. सावकाश चालणाऱ्यास पुष्कळ काही दिसेल. कोठे आंबा, कोठे फणस, कोठे जांभूळ, तर कोठे गुलमोहर असे वृक्ष एकमेकांस खेटून उभे असतात. तांबट पक्ष्याचा 'टुक् टुक्' असा ठोका दुरून ऐकू येतो. बुलबुल फांदीवरून फांदीवर उड्या घेतो आणि राघूंचा थवा कलकलाट करीत निघून जातो. परंतु येथील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर पाहून कळत नाही. त्यासाठी मान खाली घालून जमिनीकडे पाहावे लागते.

खाली वाळलेल्या पानांचा थर पडलेला असतो. त्याखाली कुजलेल्या पानांची काळी, भुसभुशीत माती असते. गांडुळे, मुंग्या आणि झाडांची मुळे यांनी त्या मातीत असंख्य बारीक वाटा केलेल्या असतात. डांबरी रस्त्यावर पडलेला पाऊस काही मिनिटांत गटारात व गटारातून समुद्रात जातो. या मातीवर पडणारा पाऊस आधी पानांवर अडतो, मग थेंबाथेंबाने खाली उतरतो, पानांच्या थरात थबकतो आणि सावकाश जमिनीत मुरतो. जणू झाडी पाण्याला धावू देत नाही, चालावयास लावते. फळ्यांचा मार्ग उंचावर बांधल्याचा लाभ येथेच ध्यानात येतो. शेकडो पावलांनी जी माती तुडवली जाऊन घट्ट झाली असती, ती खाली मोकळी राहिली आहे.

मुंबईत वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. म्हणजे शाळेतील ५० चौरस मीटरांच्या एका वर्गखोलीएवढ्या जमिनीवर वर्षात १,००,००० लिटर पाणी पडते. दहा लिटरांची घागर धरली, तर या दहा हजार घागरी झाल्या! यातील काही पाण्याची वाफ होते, काही झाडे पितात, बरेचसे वाहून जाते. उरलेले जर जमिनीत शिरले, तर एवढ्याशा तुकड्यावरही केवढा साठा होऊ शकेल, याची कल्पना करता येते.

झाडीतून वर आले, की कमला नेहरू उद्यान लागते. हे उद्यान इ.स. १९५२ मध्ये तयार झाले. येथील 'म्हातारीचा बूट' मुंबईच्या कितीतरी पिढ्यांतील मुलांच्या ओळखीचा आहे. उद्यानाच्या कडेवरून चौपाटीचा व मरीन ड्राइव्हचा अर्धवर्तुळाकार किनारा एका दृष्टिक्षेपात सामावतो. समोरच रस्त्यापलीकडे फिरोजशहा मेहता उद्यान आहे. प्राण्यांच्या आकारांत कातरलेली तेथील झुडुपे पाहून मुले हरखून जातात. पण या हिरवळीच्या खाली काय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हिरवळीखाली एक प्रचंड जलाशय आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. गिरगाव आणि दक्षिण मुंबईच्या इतर भागांतील असंख्य घरांच्या नळांना येथूनच पाणी जाते.

हे नळाचे पाणी मात्र या टेकडीचे नव्हे. ते फार दूरचे असते. इ.स. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळांनी मुंबईत येऊ लागले. त्यानंतर तुळशी, आणि इ.स. १८९२ मध्ये तानसा. पुढे वैतरणा व भातसा या नद्यांवर धरणे बांधून पाणी आणले गेले. त्यांतील काही धरणे शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहेत. नळ येण्यापूर्वी मुंबईकर काय करीत असत? ते विहिरींवर, तळ्यांवर आणि झऱ्यांवर अवलंबून असत. अशा प्रकारे एकाच टेकडीवर पाण्याच्या दोन तऱ्हा पाहावयास मिळतात. माथ्यावरील पाणी माणसाने मोठ्या कष्टाने दुरून आणलेले आहे. पायथ्याचे पाणी टेकडीने स्वतः साठविलेले आहे.

उद्यानापासून वाळकेश्वरकडे निघून, टेकडीच्या पश्चिम अंगाच्या अरुंद पायऱ्या उतरल्या, की एकाएकी शहराचा गलबला मागे पडतो. दोन्ही हातांस देवळे, मठ व जुनी घरे दिसू लागतात आणि समोर बाणगंगेचा तलाव येतो. तलाव आयताकृती असून चारही बाजूंनी त्याला दगडी पायऱ्या आहेत. काठावर दीपमाळा उभ्या आहेत. पाण्यात बदके पोहत असतात. तलावाच्या मध्यभागी एक खांब आहे.

या स्थळाविषयी एक आख्यायिका सांगतात. सीतेच्या शोधार्थ निघालेले श्रीराम येथे आले असता त्यांना तहान लागली. जवळ समुद्र होता, पण ते पाणी पिण्यास निरुपयोगी. तेव्हा लक्ष्मणाने भूमीत बाण मारला आणि त्याबरोबर पाताळगंगा वर उसळली. तीच बाणगंगा. मध्यभागीचा खांब हा त्या बाणाची खूण मानला जातो. श्रीरामांनी पूजेसाठी वाळूचे शिवलिंग केले, म्हणून देवाचे नाव वालुकेश्वर पडले आणि त्याचेच लोकांच्या तोंडी वाळकेश्वर झाले. ही कथा रचणाऱ्या लोकांनाही तोच प्रश्न पडला असला पाहिजे, जो आजच्या पाहणाऱ्यास पडतो. खाऱ्या समुद्राकाठी गोडे पाणी पाहून त्यांना नवल वाटले आणि त्या नवलातून कथा जन्मली.

इतिहासही पुष्कळ मागे जातो. शिलाहार राजांच्या काळी, इ.स. ११२७ मध्ये, त्यांच्या लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने येथे तलाव व मंदिर बांधले, असे परंपरा सांगते. पुढे पोर्तुगीजांच्या अमदानीत जुने मंदिर नष्ट झाले. इ.स. १७१५ च्या सुमारास रामा कामती या धनिक गृहस्थाच्या द्रव्यसाहाय्याने मंदिर पुन्हा उभे राहिले. आज हा तलाव मुंबईच्या वारसा स्थळांच्या यादीत पहिल्या श्रेणीत गणला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. मुंबईचा बहुतेक खडक हा ज्वालामुखीतून निघालेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. सहा कोटी वर्षांहूनही पूर्वी हा तप्त रस थरावर थर असा पसरला व थंड होऊन त्याचा काळा कातळ झाला. थंड होताना तो आकसला आणि त्याला असंख्य भेगा पडल्या. एक थर पसरल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ जाई. त्या अवधीत खोलगट जागी गोड्या पाण्याची तळी साचत व त्यांच्या तळाशी बारीक गाळ बसे. मलबार टेकडीपासून वरळीपर्यंतच्या कातळाखाली अशा गाळाचे दगड बनलेले थर आढळतात. वरळीच्या थरांत तर एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे अश्मीभूत सांगाडे सापडले. समुद्राकाठच्या खडकात गोड्या पाण्यातील बेडूक, ही साक्ष लहानसहान नव्हे!

टेकडीवरच्या मातीत मुरलेले पाणी कातळाच्या भेगांतून खाली खाली उतरते. गाळाचा घट्ट थर किंवा बिनभेगांचा अखंड कातळ लागला, की त्याची वाट अडते. मग ते उताराच्या दिशेने आडवे सरकू लागते आणि जेथे मार्ग सापडेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाण्याचा हा प्रवास अतिशय संथ असतो. म्हणूनच आषाढ-श्रावणातला पाऊस थांबल्यावरही झरा लगेच आटत नाही. टेकडी ही जणू कंजूष सावकारासारखी चार महिन्यांची कमाई बारा महिने पुरवून वापरते.

पण समुद्राचे पाणी या झऱ्यात का शिरत नाही? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे, की टेकडीच्या पोटातील पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून उंच असते. उंचावरचे पाणी खालच्या पाण्याला रेटते. त्यामुळे गोडे पाणी सतत समुद्राकडे वाहते आणि खाऱ्याला आत येऊ देत नाही. दुसरे कारण वजनाचे आहे. एक लिटर गोडे पाणी एक किलोग्रॅम भरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असल्याने ते सुमारे १,०२५ ग्रॅम भरते. हलके पाणी जड पाण्यावर तरंगते. हे घरीही पडताळून पाहता येते. एका पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्यावे आणि साध्या पाण्यात हळद किंवा शाई मिसळून ते चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश त्यावर ओतावे. रंगीत पाणी वरच्या वर राहिलेले दिसेल.

एकोणिसावे शतक संपत असताना हॉलंड व जर्मनी येथील अभियंत्यांनी किनाऱ्यावरील विहिरींचा अभ्यास करून यासंबंधी एक नियम शोधला. जमिनीखालील गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक हात उंच असेल, तर समुद्राच्या पातळीखाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी असते. वाळूच्या किनाऱ्यावर हा हिशेब बराच जुळतो. भेगांच्या कातळात तो कमी-अधिक होतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा निसर्गनियम जाणून घेण्याजोगे आणखी एक स्थळ आहे. मालवणच्या समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांनी इ.स. १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. चहूकडे खारा सागर असलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बेटावर पडलेला पाऊस बेटाच्या पोटात साठतो आणि खाऱ्या पाण्याला दूर ठेवतो. गोडे पाणी नसते, तर तेथे किल्ला कशाच्या बळावर नांदला असता?

मात्र गोड्या व खाऱ्या पाण्याचा हा तोल फार नाजूक असतो. ज्या नियमाने एक हात पाणी चाळीस हातांचा आधार होते, त्याच नियमाने वरची पातळी एक हात उतरली, तर खालचे खारे पाणी चाळीस हात वर चढू शकते. मुरणारे पाणी कमी झाले किंवा उपसा वाढला, की किनाऱ्यावरील विहिरी मचूळ होऊ लागतात. एकदा खारे पाणी आत शिरले, की ते बाहेर घालविण्यास पुष्कळ पावसाळे जावे लागतात.

मुंबईच्या जुन्या तळ्यांची आज काय स्थिती आहे, हे त्यांच्या नावांवरून कळते. धोबीतलाव येथे तलाव नाही; सी. पी. टँक येथे टाकीही नाही आणि पाणीही नाही. टेकडीच्या पायथ्याच्या गोवालिया तलावावर पूर्वी गवळी गुरांना पाण्यास आणीत. तो बुजवून मैदान झाले आणि इ.स. १९४२ मध्ये त्याच मैदानावर 'छोडो भारत' आंदोलनाची घोषणा झाली. आज ते ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून प्रसिद्ध आहे. तळी बुजविणाऱ्यांनाही कारणे होती. नळाचे पाणी आल्यावर तळ्यांची निगा राखली जाईना, त्यांत घाण साचू लागली, डास वाढून हिवताप पसरला. गरज संपली, निगा संपली आणि मग तळेही संपले. बाणगंगा मात्र लोकांच्या श्रद्धेमुळे व तिच्या जिवंत झऱ्यामुळे टिकून राहिली.

तथापि तिलाही धोके आहेत. पितृपक्षात, विशेषतः सर्वपित्री अमावास्येला, येथे फार मोठी गर्दी होते. पाण्यात सोडलेले अन्न व फुले कुजू लागली, की पाण्यातील प्राणवायू कमी होतो. काही वर्षी त्यानंतर तलावात मासे मेलेले आढळले आहेत. इ.स. २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी एक अवजड यंत्र तलावात उतरविले गेले, तेव्हा जुन्या पायऱ्यांच्या काही दगडांची मोडतोड झाली. हे धोके डोळ्यांना दिसतात, म्हणून लोक त्यांविषयी बोलतात आणि त्यांवर उपायही होतात. परंतु न दिसणारा धोका अधिक मोठा आहे. टेकडीवरची झाडी विरळ झाली, मोकळी माती फरसबंदीखाली गेली, खोल पायांसाठी कातळ फोडला गेला, तर पाण्याच्या वाटा तुटतील. मग तलावाच्या पायऱ्या कितीही स्वच्छ ठेवल्या तरी त्यांत येणारे पाणी कोठून आणणार? तलाव पायथ्याशी असला, तरी त्याचे राखण माथ्यावर करावे लागते.

सहलीस आलेल्या मुलांनाही या राखणीत वाटा उचलता येतो. डब्याचे कागद व पिशव्या झाडीत न टाकता परत आणाव्यात. मार्ग सोडून उतारावर उतरू नये, कारण तुडवलेली माती पाणी पीत नाही. तलावातील मासे व बदके यांना पाव, फरसाण टाकण्याचा मोह आवरावा. आपल्या चाळीच्या किंवा शाळेच्या अंगणात जेथे माती मोकळी आहे, तेथे ती मोकळी राहू द्यावी व जमल्यास एखादे झाड लावावे. अंगण लहान असले तरी पावसाचा हिशेब तोच आहे: एक चौरस मीटर जमीन, एक मिलिमीटर पाऊस, एक लिटर पाणी.

सायंकाळी देवळांतील घंटा वाजू लागतात. पश्चिमेस सूर्य समुद्रात उतरतो आणि तलावाच्या पाण्यावर तांबूस प्रकाश पसरतो. पायऱ्यांवर टेकलेल्या वृद्धांच्या भोवती नातवंडे खेळत असतात. भिंतीपलीकडे खारा सागर गर्जत असतो व अलीकडे गोडे पाणी शांत असते. त्या पाण्यातील पुष्कळसे मागील पावसाळ्यांत टेकडीवरच्या झाडीत पडलेले असते. येत्या पावसाळ्यात जे पडेल, ते पुढे या पायऱ्यांवर येऊन बसणाऱ्यांसाठी असेल.

स्वाध्याय

१. बाणगंगेचे पाणी समुद्राजवळ असूनही गोडे का राहते? दोन कारणे सांगा.
२. झाडीतील माती व डांबरी रस्ता यांवर पडणाऱ्या पावसाचे पुढे काय होते?
३. 'तलाव पायथ्याशी असला, तरी त्याचे राखण माथ्यावर करावे लागते' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या घराच्या अंगणाची किंवा गच्चीची लांबी-रुंदी मोजा आणि २,००० मिलिमीटर पावसात तेथे किती लिटर पाणी पडेल, ते काढा.
५. आपल्या परिसरात तलाव, विहीर किंवा झरा यांवरून पडलेली ठिकाणांची नावे शोधा. तेथे आज पाणी आहे काय, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व दहा ओळी लिहा.